मायक्रोस्कोप माझा, स्टेज ताईचं

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण धरून घ्यावा.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तर मुद्दा असा, की बाबांच्या मायक्रोस्कोपचं मेकॅनिकल स्टेज मला पाठव. कायमचं नको. फक्त तेलपाणी करण्यापुरतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच तो मायक्रोस्कोप मी सगळा खोलून साफ केला. नळी झाली, आरसा झाला, फोकसची चाकं झाली. राहिलं ते स्टेज, म्हणजे काचेची स्लाइड पकडून ठेवणारा आणि दोन नॉब फिरवले की तिला केसाएवढी इकडेतिकडे सरकवणारा तो पितळी भाग. तो तुझ्याकडे कसा आला हे मी उकरून काढणार नाही. बाबांचं घर आवरताना मी हात धुवायला आत गेलो, बाहेर आलो तेव्हा मायक्रोस्कोप बोडका झाला होता आणि तुझी पर्स फुगली होती, एवढंच म्हणतो.

घाई आहे म्हणून सांगतो. रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात शेजारपाजारची मंडळी जमतात हे तुला ठाऊक आहे. कुंडीखालची ओल, पन्हळीतलं शेवाळ, जे हाती लागेल त्याचा थेंब मी काचेवर घेतो आणि फिरवून फिरवून दाखवतो. आयुष्यभर वर्गात ज्यांच्या जांभया पाहिल्या, तेच आता केस पिकवून रांगेत उभे राहतात. पण समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त इंजिनिअरनं पडद्यावर चित्र दाखवणारा नवाकोरा मायक्रोस्कोप आणलाय. कानामागून आला आणि तिखट झाला. मंडळींनी ठरवलंय, एक रविवार त्याच्याकडे, एक माझ्याकडे, आणि मग जिथे नीट दिसेल तिथे कायमची बैठक. ताई, रविवार गेला तर माझ्याकडे सोमवार ते शनिवारच उरतात. त्यांचं मी काय करू?

तुझा,
लुटला गेलेला भाऊ


९ फेब्रुवारी

चि. किडोबास,

अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे कापून घेतले आहेत, कारण तू मला चोर म्हणालास.

वाटणीत तुला मायक्रोस्कोप आला आणि मला बाबांची छत्री. तीही उघडत नव्हती. मी स्टेज काढून घेतलं त्याला चोरी नाही, न्याय म्हणतात.

तेलपाण्यापुरतं म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची. ‘फक्त बघायला दे’ म्हणून नेलेली माझी कंपासपेटी अजून यायची आहे. आणि तेलाची गरजच काय? माझ्याकडे ते शोकेसमध्ये मखमलीवर बसलंय. दोन्ही नॉब लोण्यासारखे फिरतात. उलट तूच मायक्रोस्कोप इकडे पाठवून दे. शोकेसमध्ये एक फुलदाणी आहे, ती हलवता येईल.

जाता जाता एक विचारते. माझ्या एका जुन्या पेशंटकडे अगदी असंच स्टेज आहे, पण त्याची पार दातखीळ बसलीय. एकही नॉब फिरत नाही. त्या बाईंनी काय करावं? दवाखाना बंद केला तरी लोक काहीही घेऊन माझ्याकडेच येतात, मी तरी काय करणार!

आणि तुझ्या अक्षराला काय झालं? फळ्यावर मोती ओवल्यासारखं लिहायचास. हे पत्र म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदभर पळाल्यासारखं दिसतंय.

तुझी,
न्यायप्रिय ताई


१४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

नमस्कार, या खेपेला नुसतीच मान वाकवून.

अक्षराचं काही नाही. टेबलाचा एक पाय आखूड झालाय. घडी करून कागद खाली घातला, पण हिनं झाडताना तो काढून टाकला.

तुझ्या पेशंट बाईंना म्हणावं, आधी नॉबवर जोर लावणं थांबवा. आतल्या दातेरी पट्टीचे दात मऊ पितळेचे असतात, एक तुटला तर नवा बसवायला कोणी सापडत नाही. जुनं ग्रीज वाळून त्याची खळ होते. बाईंनी कौतुकानं वरून स्वयंपाकाचं तेल सोडलं असेल तर मग विचारायलाच नको, ते वाळून राळेसारखं घट्ट बसतं. विचार त्यांना, सोडलंय का.

उपाय असा. सांध्यांवर रॉकेलचे थेंब टाकायचे आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी टोकाचा अडसराचा स्क्रू काढला की वरची पट्टी खाचेतून सरकून बाहेर येते. कुठला स्क्रू कुठला ते क्रमानं मांडून ठेवायचं. मग खाचा लाकडी काडीनं खरवडायच्या, लोखंडानं नाही. स्पिरिटला हातसुद्धा लावू नका, पितळेवरचा लाखेचा मुलामा निघून जातो. शेवटी अगदी हलकं तेल, घड्याळात घालतात तसलं, एक थेंब. फुंकर मारली तरी सरकलं पाहिजे. मला माझ्या स्टेजलाही तेच करायचंय.

पाठव लवकर. परवाच्या रविवारी फजिती झाली. थेंबात एक सुंदर जीव सापडला होता, डोक्यावर दोन चाकं गरगर फिरवल्यासारखा दिसणारा. मी बोटानं स्लाइड सरकवायला गेलो आणि तो दिसेनासा झाला, परत आला, परत गेला. इंजिनिअर डोळा लावून बसला होता. म्हणतो, “मास्तर, भूकंप झाला की काय?” सगळे हसले. रस्त्यावरून ट्रक गेला होता, दुसरं काय.

तुझा,
डळमळीत टेबलाचा मालक


१९ फेब्रुवारी

चि. किडोबास,

आशीर्वाद, पूर्ण. तुझी सूचनावली उपयोगी पडली. फक्त स्पिरिटचा मुद्दा तू पहिल्या ओळीत लिहायला हवा होतास. पेशंट बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचण्याआधीच कापसाचा बोळा भिजवला होता. आता एका कोपऱ्यावरचा मुलामा गेलाय आणि खालचं पितळ नव्या नवरीसारखं लखलखतंय. बाई म्हणतात, हेच जास्त छान दिसतं.

तेलाचंही तुझं खरं निघालं. बाई दरवर्षी साफसफाईत त्याला गोडेतेल लावून पुसत होत्या. किती माया ती! रॉकेलमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या सकाळी पट्टी निघाली, आणि खाचेत जे काही होतं ते पाहून मला माझे चांगले दिवस आठवले. पिवळं, कडक, कडेकडेनं चिकटलेलं, अगदी दातांवरचं कीटण. मी बाईंना दाताचं हत्यार कसं धरायचं ते दाखवलं. लोखंडी नाही, प्लास्टिकचं, घाबरू नकोस. मग दातेरी पट्टीला टूथब्रश. प्रत्येक दाताच्या मुळाशी, वरून खाली. हीच गोष्ट माणसांना सांगून सांगून माझा घसा बसला होता, पितळेनं मात्र निमूटपणे ऐकलं. ब्रश बाईंच्या यजमानांचा होता. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक अडसराचा स्क्रू तेवढा टणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. यजमान पोटावर झोपून छत्रीच्या दांड्यानं दिवसभर शोधत होते.

आता तुझ्या ट्रकबद्दल. तुझ्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे ट्रक कुठून घुसला? आणि टेबल म्हणशील, तर नाचता येईना अंगण वाकडं हे मला शिकवू नकोस. सरळ विचारते. कप उचलताना बशी वाजते का? सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो का? मी दातांची डॉक्टर असले तरी तोंडाखेरीज बाकीचं शरीरही शिकले होते.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ताईस,

हे पत्र छापील आहे कारण आता सगळे छापीलच लिहितात. त्यात काही शोधू नकोस.

‘पेशंट बाईंचे यजमान’ म्हणजे भाऊजी, हे मला तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं. कपाटाखालून उठल्या उठल्या त्यांनी मला फोन केला, “एवढासा पितळी स्क्रू कुठे मिळेल रे? ताईला सांगू नको.” म्हणजे लोण्यासारखं फिरणारं, मखमलीवर बसलेलं ते स्टेज हेच! तू त्याला वर्षानुवर्षं गोडेतेल पाजलंस! तळायला घ्यायचं तेवढं ठेवलंस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. स्क्रू मी भाऊजींना पाठवला आहे, माझ्या डब्यातला.

गेला रविवार इंजिनिअरकडे झाला. भिंतीएवढ्या पडद्यावर पाण्याचा थेंब. सगळे खुर्च्यांवर टेकून एकदम बघत होते. मला वाटलं होतं, पडद्यावर बघण्यात काय मजा, पण मजा होती. मीसुद्धा बघत राहिलो. निघताना तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही नुसतं बोला, मशीन मी चालवतो.” चांगल्या मनानं म्हणाला. त्यामुळेच जास्त लागलं.

बशीचं आणि बटणांचं विचारू नकोस. मला काहीही झालेलं नाही. माझा रविवार १५ मार्चला आहे. स्टेज पाठव. हलकं तेल घालून पाठव.

भाऊ


१ मार्च

चि. किडोबास,

आशीर्वाद. सोबतच्या डब्यात स्टेज आहे. कायमचं. छत्री मी ठेवते.

ते आता चालतं. खाचा आरशासारख्या आहेत, दातेरी पट्टीवर कीटणाचा कण नाही, मोजपट्टीवरचे आकडे मी पुसलेसुद्धा नाहीत, कारण घासले की जातात. तुझा स्क्रू बसवलाय. बसवताना भाऊजींना खोलीबाहेर काढलं होतं.

एकच सांगणं. ते उघडायचं नाही आणि त्यात थेंबभरही तेल घालायचं नाही. का ते विचारू नकोस. तू कुठे विचारलेल्याची उत्तरं देतोस?

तुझी,
ताई


९ मार्च

ताईस,

नमस्कार घालायची इच्छा नाही, पण घालतो.

स्टेज मिळालं. डबा उघडला, मायक्रोस्कोपवर चढवलं, नॉब फिरवला आणि मला कळेना की हे स्टेज आहे की चिखलात रुतलेली गाडी! फिरतं, पण कसं? जणू मधाच्या बरणीत चमचा ढवळतोय. हलकं तेल घाल असं मी दोनदा लिहिलं. तू त्यात काय भरलंस? ट्रकच्या चाकातलं ग्रीज? आयुष्यभर थट्टा केलीस, मी काही म्हटलं नाही. पण या रविवारी दहा माणसं माझ्या व्हरांड्यात येणार आहेत आणि त्यांच्यासमोर मी घाम पुसत नॉब फिरवत बसू?

शनिवारी मी ते उघडणार, सगळं धुऊन काढणार आणि माझ्या पद्धतीनं तेल घालणार. रॉकेल आणून ठेवलंय. तू कितीही नाही म्हण.

भाऊ


११ मार्च

किडोबा,

हे पत्र मी भाऊजींच्या हाती देऊन पोस्टात सगळ्यात जलद जाईल असं पाठवतेय. रॉकेलची बाटली खाली ठेव आणि बसून वाच. तू छापील लिहायला लागल्यापासून फोनवरही बोलत नाहीस, बायकोच्या हातात फोन देतोस, नाहीतर तोंडीच सांगितलं असतं.

तुझा हात कापतो. मला ते पहिल्या पत्रावरूनच कळलं. तू ट्रक सांगितलास, टेबल सांगितलंस, पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. बोटानं स्लाइड सरकवता येत नाही म्हणून तुला स्टेज हवं होतं, तेलपाण्यासाठी नव्हे. आणि तू मागत होतास हलकं तेल! अरे वेड्या, फुंकरीनं सरकणाऱ्या स्टेजवर कापणारा हात ठेवलास तर तो थेंब बेडकासारखा उड्या मारेल. हात जेवढा कापेल तेवढं सगळं कापेल.

म्हणून मी दाट ग्रीज घातलं. अंदाजानं नाही घातलं. बाजारातून तीन तऱ्हेची आणली. प्रत्येक घालून झालं की भाऊजींना नॉबवर हात ठेवायला लावायचं आणि मी मागून त्यांचं कोपर गदागदा हलवायचं. मग हातभिंगातून बघायचं की स्लाइड हलली का. पहिल्या ग्रीजला हलली. दुसऱ्याला थोडी हलली. तिसऱ्याला भाऊजी खुर्चीसकट हलले, स्लाइड नाही. त्यांचं कोपर अजून दुखतंय, पण ते म्हणाले मास्तरला सांगू नको, म्हणून सांगतेय.

जड ग्रीज लहान झटके गिळून टाकतं आणि फक्त सावकाश, ठरवून फिरवलेलं ऐकतं. तुला ते चिखल वाटलं कारण तू घाईनं फिरवलंस. हळू फिरव. आणि करंगळी स्टेजच्या कडेवर टेकव. कोणताही दातांचा डॉक्टर हवेत हात धरून काम करत नाही, पेशंटच्याच एखाद्या दातावर बोट टेकवतो, मगच हत्यार चालवतो. ज्यांचा हात कापत नाही तेसुद्धा. त्यात कमीपणा नाही.

राग येईल तर येऊ दे. मला राग चालेल. तू काचेतून बघायचं सोडून दिलंस आणि दुसऱ्याच्या पडद्यासमोर खुर्चीवर टेकून बसलास, ते मला चालणार नाही. मला त्याची भीती वाटते, म्हणून हा सगळा उद्योग. आता वाटलं तर घाल तुझं तेल.

ताई


१६ मार्च

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. आज खरोखर घातला, पलंगाच्या कडेला धरून.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं तेव्हा एक स्क्रू काढून झाला होता आणि दुसरा निघत नव्हता, कारण स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. हिनं पाकीट आणून समोर धरलं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. मग काढलेला स्क्रू परत बसवायला हिची मदत मागितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाच्या टेबलाशी मी तिला पहिल्यांदाच बोलावलं. तिला सगळं केव्हापासून माहीत होतं म्हणे. वाजू नये म्हणून ती मला बशीशिवाय चहा देत होती, आणि मला वाटत होतं बश्या फुटल्या.

रविवारी मंडळी आली. पन्हळीतला थेंब घेतला. इंजिनिअरला मी मुद्दाम पहिला डोळा लावायला बसवलं आणि नॉबवर हात ठेवला. करंगळी टेकवली. हळू फिरवलं. तो म्हणाला, “हां, आला, चाकवाला आला.” मी फिरवत राहिलो, तो जीव जिकडे पोहेल तिकडे त्याच्या मागोमाग. इंजिनिअर मग मान वर करून माझ्या हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचा हात कापतोय.”

“हो,” मी म्हटलं, “कापतो.” दहा माणसांसमोर म्हटलं. आभाळ कोसळलं नाही.

त्यानं परत डोळा लावला. बराच वेळ लावून बसला. म्हणाला, “पण इथे तर काहीच कापत नाहीये.” मग सगळ्यांना आळीपाळीनं बघायचं होतं. कोणी थेंबाकडे बघत होतं, कोणी माझ्या हाताकडे, आणि काहीजण पुन्हा पुन्हा दोन्हीकडे. उठताना इंजिनिअरनं विचारलं, पुढच्या रविवारी त्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इथे घेऊन येऊ का. कायमची बैठक कुठे, हा विषय कोणी काढलाच नाही. जाता जाता त्यानं विचारलं की स्टेज कोणी दुरुस्त केलं. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरनं. त्यानं तिथल्या तिथे आ करून मला त्याची मागची दाढ दाखवली. काय करावं ते मला कळलं नाही, मी ‘घासत जा’ म्हटलं.

हे पत्र हातानं लिहिलंय. वाचता आलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे, आणि त्यांच्या कोपराला माझा नमस्कार सांग.

गुरुवारी डॉक्टरकडे जायचं ठरलंय. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. ही बरोबर आहेच. पण ताई, तू ये. मला भीती वाटते.

तुझा,
भाऊ